इंदुबाईच्या घरचा ठोका

गुरुवार, २ ऑगस्ट १९९०. सकाळी साडेआठच्या बातम्यांत इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरल्याचं सांगितलं गेलं. दांडीची जमुना तामोरे त्या वेळी बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या पाटीवरचं प्लास्टिक सारखं करत होती. रेडिओ समोरच्या चहाच्या टपरीत होता आणि वरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिला त्यातलं काहीच कळलं नाही.

टपरीवर रात्रपाळी सुटलेले कामगार उभे होते. त्यांतला एक तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. तो ग्लास हातात घेऊन रस्ता ओलांडून आला.

"मौसी, कुवैत गया."

"कुठं जातंय ते? जागच्या जागी असंल," जमुना म्हणाली. "तुला बोंबील किती देऊ ते सांग."

"मज़ाक नहीं, मौसी. लड़ाई लग गई उधर. फ़ौज घुस गई." मग तिचा हात थांबलेला पाहून त्यानं विचारलं, "आपका कोई है क्या वहाँ?"

 दामू तांडेल कुवेतमध्ये होता, आणि तो तिचा कोणी लागत नव्हता. लागावा, असं तिनं गेल्याच महिन्यात ठरवलं होतं. तसं कळवलंही होतं. पण ते त्याला पोचलं का, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं पाटी झाकली, शेजारणीला सांभाळायला सांगितली आणि टपरीसमोर जाऊन उभी राहिली. रेडिओवर तोवर गाणी लागली होती.

ही गोष्ट सुरू झाली तीही लढाईतच. डिसेंबर १९७१. तारापूरचं अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळं दांडीत काळोख पाळायची सक्ती इतर गावांपेक्षा कडक होती. खिडक्यांना काळे कागद, चुलीपुढं गोणपाट. मच्छीमारांना लांब जायला बंदी होती, पण किनाऱ्याजवळची मासेमारी चालू होती आणि होड्या परतायला अंधार पडायचा. एरवी प्रत्येक घर आपापल्या समोर बांबूवर कंदील टांगायचं. होडी आपला कंदील बघून आपल्या वाटेनं खडक चुकवत आत यायची. आता कंदील बंद झाले.

तोड काढली इंदुबाईनं, म्हणजे दामूच्या आईनं. तिनं रॉकेलचा रिकामा डबा किनाऱ्यावर नेला आणि लाकडानं बडवायला सुरुवात केली. गस्तीवरचे लोक धावत आले.

"काय चाललंय हे?"

"उजेडाला बंदी हाय. आवाजाला हाय का?" इंदुबाईनं विचारलं.

गस्तवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. तसा हुकूम कोणाकडंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळी आळी डबे घेऊन उतरली आणि एकच गोंधळ झाला. दोन होड्या एकमेकींवर आदळल्या. मग बायकांनी बसून ठोके वाटून घेतले. इंदुबाईच्या घरचा ठोका तीन जोडून आणि एक सुटा. जमुनाच्या घरचा दोन आणि दोन. ज्याचा ठोका ऐकू येईल त्या रोखानं त्यानं यायचं. हे इतकं बरोबर बसलं की होडीतल्या म्हाताऱ्यांना कंदिलापेक्षा डबा बरा वाटू लागला.

त्याच आठवड्यात इंदुबाईचा हात तव्यावर भाजला. तिनं शेजारच्या जमुनाला सांगितलं, "पोरी, तुज्या बापाचा वाजवून झाला की माज्या दारात येऊन दाम्याचापण वाजव." जमुना तेव्हा सतरा वर्षांची. दोन घरांच्या मध्ये वाळूचा उंचवटा होता, वारा थंड होता, आणि तिला कंटाळा आला. तिनं दोन्ही ठोके आपल्याच दारातून वाजवले.

दामू होडीतून उतरला आणि आवाजाच्या रोखानं सरळ तिच्या घरात शिरला. आत मिट्ट काळोख. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "आये, भाकर दे." जमुनाच्या आजीला मोतीबिंदू होता. तिला दिवा असून नसून सारखंच. घरचाच कोणी आला असं समजून तिनं ताटली पुढं सरकवली. दीड भाकरी खाऊन झाल्यावर दामू म्हणाला, "आये, आज कालवणात काय टाकलंस? रोज असंच करत जा."

"माजं तं रोज असंच असते," आजी म्हणाली. "पण तू कोणाचा रे?"

दारात डबा घेऊन उभी असलेली जमुना हसली आणि तिला हसू आवरेना. दामू ताटली घेऊनच बाहेर पळाला. ती परत करायला इंदुबाईला स्वतः यावं लागलं.

लढाई संपली तेव्हा दांडीत विजयाच्या बातमीइतकीच ही हकीगत चालली होती. शाळेवर पालघरजवळच्या माहीमचे कृष्णकांत सावे नावाचे मास्तर होते. पानवेलीच्या वाडीत वाढलेले, शिस्तीचे, चहासुद्धा घड्याळाकडं बघून पिणारे. त्यांनी त्यावर तीन अंकी नाटक लिहिलं आणि नाव दिलं 'काळोखातलं कालवण'. नायकाचं काम दामूलाच दिलं. नायिकेच्या कामाला मुलगी मिळाली. डबा कोणाला धड वाजवता येईना, म्हणून जमुनाला पडद्याआड बसवलं.

होळीला झालेल्या पहिल्या प्रयोगाला मास्तरांनी दुसरा अंक खरोखरच्या अंधारात केला. लोकांना काहीच दिसेना. कोणीतरी चप्पल फेकली, ती आजीचं काम करणाऱ्याला लागली, आणि त्यानं भाकरी सोडून शिव्या दिल्या. तेव्हापासून दर होळीला दिवे चालू ठेवून नट चाचपडायचे आणि लोक पोट धरून हसायचे.

शेवट मात्र मास्तरांना चांगला साधला होता. शेवटच्या अंकात नायिका आपल्या दारातून आपल्याच घरचा ठोका वाजवते, दोन आणि दोन. काही चूक नाही. नायक रंगमंचाच्या मध्यावर थांबतो, ऐकतो, आणि म्हणतो, "आज डबा बरोबर वाजला. आता चुकायचं मला." आणि तिच्या घराकडं चालू लागतो. पडदा.

नाटकात जमलं ते गावात जमलं नाही. जमुनाचं लग्न आधीच ठरलेलं होतं. १९७२च्या मे महिन्यात ती सातपाटीला गेली. तिथं डबे वाजत नव्हते. सहा वर्षांनी नवरा काविळीनं गेला आणि ती बापाच्या घरी परत आली. आल्या वर्षीच्या होळीला मास्तर दारात हजर.

"जमुना, सहा वर्षं डबा बेताल वाजतोय. चल."

ती पुन्हा पडद्याआड बसली. दामू तोवर होडी वेगळं राहणाऱ्या भावाकडं सोपवून बोईसरच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला होता. तीन बहिणींची लग्नं उरकता उरकता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. पोट थोडं सुटलं होतं, तरी नायक तोच. दरवर्षी तिचा ठोका पडायचा, तो तेच वाक्य बोलायचा आणि तिच्या बाजूला चालत यायचा. पडदा पडला की दोघं समोरासमोर असायची. तो म्हणायचा, "बरा वाजला." ती म्हणायची, "तू आज घाई केलीस." एवढंच. गावात याच्यावर कोणी कुजबुजलं नाही, कारण गाव वाट बघून थकलं होतं.

डबे मात्र लढाईनंतरही राहिले. वीज केंद्राचे दिवे रात्रभर समोर लखलखत असायचे आणि दांडीतली वीज जायची. वीज गेली की आळीत आपोआप डबे निघायचे. घरात नवी सून आली की तिला आधी त्या घरचा ठोका शिकवायचे.

यंदाच्या होळीनंतर दामू कुवेतला निघाला. निघण्याच्या आदल्या दिवशी तो बाजारात जमुनाच्या पाटीसमोर येऊन उभा राहिला.

"दोन किलो बोंबील दे. तिकडं न्यायला."

"विमानातून उतरवतील तुला."

"उतरवू दे." तो खाली बसला. उगाच एक बोंबील उचलून वास घेतला. "जमने, एक विचारू?"

"भाव तोच हाय."

"भावाचं नाय. आपल्या किनाऱ्याची वीस-पंचवीस पोरं हायत तिकडं. गणपतीत मास्तरचं नाटक करायचं बोलतात. बाकी सगळं होईल, डबा होणार नाय. तू वाजव, मास्तर टेपात भरून देतील."

"देईन की."

"शेवटचा ठोका नाटकात हाय तोच वाजव. दोन-दोन." दामूनं बोंबील पुन्हा पाटीत ठेवला, दुसरा उचलला. "पण तुला वाटलं तं माज्या घरचा वाजव."

जमुनाला पहिल्यांदा वाटलं, बाजाराच्या गलक्यात आपण भलतंच ऐकलं. पण तो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मग तुजं वाक्य फुकट जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे. अठरा वर्सं बोलतोय."

तिनं बोंबील कागदात बांधले. उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तिला जुलै उजाडला.

टेप भरायचं काम मास्तरांच्या माहीमच्या घरी झालं. पावसाचा आवाज येऊ नये म्हणून मास्तरांनी तिला पानांच्या करंड्या ठेवायच्या खोलीत बसवलं. चारी बाजूंना ओल्या पानांचा वास. जमुनानं डबा गुडघ्यांत धरला. पहिला अंक झाला, दुसरा झाला. मास्तर कागदावर खुणा करत होते. शेवटच्या ठोक्याला त्यांनी बोट वर केलं आणि जमुनानं वाजवलं. तीन जोडून, एक सुटा.

मास्तरांनी टेप थांबवला. "चुकलीस. पुन्हा घेऊ."

"चुकले नाय, मास्तर."

"अगं, हा इंदुबाईच्या घरचा..." मास्तर बोलता बोलता थांबले. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. "मग त्याच्या शेवटच्या वाक्याला अर्थ राहत नाही."

"तो बघील काय बोलायचं ते."

"नाटक मी लिहिलंय. मला कोणी विचारलं नाही," मास्तर म्हणाले. आणि कॅसेट काढता काढता त्यांनी आत हाक मारली, "अहो, चहात साखर जरा जास्त घाला आज."

कॅसेट शेजारच्या पाम गावच्या आत्मारामच्या हाती गेली. तो फिटर होता आणि जुलैच्या मध्यालाच कुवेतला निघाला होता. पोचल्याचं त्याचं पत्र त्याच्या घरी आलं. दामूचं काही यायच्या आत २ ऑगस्ट उजाडला.

त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. बोईसरच्या टपरीवाल्यानं बातम्यांच्या वेळी रेडिओ जमुनाच्या पाटीकडं तोंड करून ठेवायला सुरुवात केली. नारळी पौर्णिमेला तिनं दर्याला नारळ वाहिला तेव्हा शेजारी इंदुबाई होती. म्हातारीचे सांधे धरले होते, बोटं मिटत नव्हती. वीज गेली की दामूच वाजवायचा; तो गेल्यापासून त्या घरचा डबा वाजलाच नव्हता.

"तुला काय बोलून गेला का गं?" इंदुबाईनं विचारलं.

"बोंबील घेऊन गेला, काकी."

"बोंबलाला बाजारात जायची काय गरज? घरात टांगलेले होते की," इंदुबाई म्हणाली आणि लाटांकडं बघत राहिली.

आत्माराम सप्टेंबरच्या मध्यावर परत आला. सरकारच्या विमानानं जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबई. घरी एक दिवस राहून तो दांडीला आला आणि इंदुबाईच्या अंगणात बसला. वाळला होता, दाढी वाढली होती. मास्तरही माहीमहून आले. जमुना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"दाम्या बरा हाय," आत्मारामनं आधीच सांगून टाकलं. "म्हंजे मी बघितला तवर बरा होता."

मग तो सांगू लागला. लढाई लागल्यावर सगळी पोरं एका शाळेच्या तळघरात येऊन राहिली होती. मल्याळी, गुजराती, आंध्रातले, बायका-पोरंही. बसची वाट बघायची. संध्याकाळनंतर दिवे लावायचे नाहीत, खिडकीशी जायचं नाही. गणपतीचं एक कॅलेंडर भिंतीला लावलं होतं. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दामू उठून म्हणाला, नाटक करायचं.

"मी बोललो, अरे बाबा, गोळ्या चालल्यात. तो बोलतो, मग काय झालं, नाटकातपण लढाईच हाय. काळोख फुकट मिळतोय."

मास्तर पुढं सरकले. "पात्रं कोण कोण होती?"

"नायिका केळव्याची नर्स होती एक. बरी होती." आत्मारामनं जमुनाकडं पाहिलं. "तशी वयानं मोठी होती, जमनाबाय. नातू होता तिला."

"मला काय करायचंय?" जमुना म्हणाली.

"आणि आजी मी. चादरीचं लुगडं नेसलो, तोंडाला पावडर फासली. कोपऱ्यात एक मेणबत्ती, तिच्यापुढं डबा उभा केलेला. माणसं भिंतीला चिकटून बसलेली. भाषा निम्म्यांना येत नव्हती. पण दाम्या काळोखात बसला आणि बोलला, आये, भाकर दे, आणि मी खुबूस पुढं केला..."

"काय केला?"

"तिकडची रोटी, मास्तर. भाकर कुठून आणू? तर असा हशा पडला, की वरून एकजण धावत आला, गप बसा, सैनिक ऐकतील. मग सगळी तोंडात पदर कोंबून हसत होती. एक मल्याळी बाई हसता हसता रडायला लागली. तीन आठवडे ती बोललीच नव्हती कोणाशी."

 मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला.

"डबा?" जमुनानं विचारलं. "डबा ऐकू आला का?"

"एक नंबर. टेपात पानांच्या खोलीतला आवाज भरलाय असं दाम्या सगळ्यांना सांगायचा."

"आणि शेवटचा?"

 आत्माराम डोकं खाजवत म्हणाला, "तेच तं. तालमीत आमी सतरांदा बोललो, शेवटचा अंक एकदा लावून बघू. हा लावू द्यायचा नाय. बोलायचा, तो प्रयोगातच ऐकीन. एकदा मी गुपचूप बटण दाबायला गेलो तं हात धरला माजा. मी विचारलं, घाबरतोस कशाला? डबाच तं हाय. तं बोलला, तुला नाय कळायचं."

इंदुबाईनं मान वळवून जमुनाकडं पाहिलं. जमुना चौकटीचा रंग नखानं खरवडत होती.

"मग प्रयोगात काय झालं, आत्माराम?" मास्तरांनी विचारलं.

"मला नाय म्हाईत. दुसरा अंक संपला आणि बस आली. आमच्या गटाचा नंबर. दोन मिनिटांत निघा. मी लुगड्यावरच पळालो. बसऱ्यापर्यंत तोंडाला पावडर. नाक्यावरच्या शिपायानं मला दोनदा खाली उतरवला आणि दोन्ही वेळा हसून वर चढवला." तो स्वतःही थोडा हसला. "निघालो तवा तिसरा अंक चालू झाला होता. दाम्या मध्यावर उभा होता."

 आत्मारामनं पाणी मागितलं, प्यायला, आणि राहिलेलं सांगितलं. अम्मानच्या तंबूंत त्याला मागच्या बसमधला एक गुजराती भेटला होता. दामू त्या बसमध्ये चढला होता. बसऱ्यापर्यंत तो बरोबर होता. तिथं बस बदलायची होती. गर्दीत एका लेकुरवाळ्या बाईला जागा देऊन दामू खाली उतरला, पुढच्या बसनं येतो म्हणाला. त्यानंतर त्या माणसानं त्याला पाहिलं नव्हतं.

"अजून काय बोलला तो माणूस?" जमुनानं विचारलं.

"बोलला, तुमचा तो दोस्त जरा येडाच. सामान सगळं टाकलं आणि टेप तेवढा मांडीवर घेऊन बसला होता. सेल संपलेले. तरी बटण दाबून कानाला लावायचा."

वीज गेली ती तेवढ्यात. केंद्राचे दिवे पलीकडं लखलखत होते, आणि दांडीची आळी काळी झाली. पहिला डबा कोपऱ्यावरच्या घरातून निघाला. मग दुसरा. होड्या आत यायची वेळ होती.

जमुना आपल्या घराकडं गेली. तिनं बापाचा ठोका वाजवला, दोन आणि दोन, दोनदा. मग डबा काखेत मारून वाळूचा उंचवटा चढली, उतरली आणि पुन्हा इंदुबाईच्या अंगणात आली. मास्तर उठून बाजूला झाले. ती इंदुबाईच्या दारात बसली, डबा गुडघ्यांत धरला आणि वाजवला. तीन जोडून, एक सुटा.

आळीतले बाकीचे डबे थांबले. सहा महिन्यांत हा ठोका कोणी ऐकला नव्हता. अंधारातून एका बाईनं विचारलं, "इंदुबाय, दाम्या आला काय गं?"

"नाय आला," इंदुबाई म्हणाली.

"मग वाजवतंय कोण?"

इंदुबाईनं वाकलेली बोटं जमुनाच्या पाठीवर ठेवली. "माजी सून," ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अम्मानहून येणारी विमानं चालू होती. त्यांतून उतरलेली पालघर तालुक्यातली बहुतेक माणसं घरी पोचली होती. दामू तांडेल पोचला नव्हता, आणि तो कुठं आहे हे कोणी सांगू शकलं नव्हतं. दांडीत वीज गेली की इंदुबाईच्या अंगणातून डबा वाजत होता.